शेळीने काय सोडलं?

आमच्या गावामागच्या माळावर बोराचं एक झुडूप आहे. कमरेएवढं, गोल, कात्रीने कातरल्यासारखं. लांबून पाहिलं तर कुणी हिरवी उशी टाकून गेलंय असं वाटतं. जवळ जाऊन वाकलं की दिसतं, प्रत्येक डहाळीचं टोक तुटलेलं आहे. काड्या एकमेकींत इतक्या गुंतल्यात की हात घातला तर ओरखडे घेऊनच बाहेर यावा. बुंधा मात्र चांगला मनगटाएवढा. म्हणजे हे झुडूप नाहीच, झाड आहे. कित्येक वर्षं शेळ्यांनी त्याला उठू दिलेलं नाही, एवढंच.

झाडं खाणारी जनावरं जंगलाचं काय करतात, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो शेळ्यांनी डोंगर बोडके केले. दुसरा म्हणतो जनावरं हजारो वर्षं चरतातच आहेत, जंगलं तोडली माणसांनी. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघेही ‘किती खाल्लं’ यावरच भांडतात. मला विचाराल तर तो प्रश्न दुय्यम. कुणाला खाल्लं, त्याच्या कुठल्या वयात खाल्लं आणि मध्ये उसंत किती दिली, हे आधी विचारायला हवं.

यातली मेख गवत आणि झाड यांच्या बांधणीत आहे. गवताचा जीव बुडाशी असतो. पातं वरून खाल्लं तरी वाढीचा कोंब जमिनीलगत शाबूत राहतो आणि चार दिवसांत नवं पातं वर येतं. झाडाचा जीव शेंड्याशी. रोपाची उंची वाढते ती टोकाच्या कळीतून, आणि जनावराला नेमकी तीच कळी आवडते, कारण ती सगळ्यात कोवळी. एकच घास, गवताची त्याने हजामत होते, रोपाचं मुंडकं उडतं.

मुंडकं उडालं म्हणून रोप लगेच मरत नाही. शेंड्यातून खाली उतरणारं एक संप्रेरक बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो आणि बाजूने धुमारे फुटतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या की ती भरगच्च होते, शेवग्याचा शेंडा मारला की तो फांद्या धरतो, ते याचमुळे. माळावरच्या बोराचंही हेच झालं. शेळी शेंडा खाते, बोर चार धुमारे काढतं, शेळी चारही खाते. बोर उंच व्हायचं सोडून रुंद होत जातं. आणि रुंद होता होता एक दिवस असा येतो की मधल्या फांदीपर्यंत शेळीचं तोंडच पोचत नाही. मग मधून एक सरळ फोक निघतो आणि दोनतीन पावसाळ्यांत शेळीच्या डोक्यावरून जातो. माळावर नीट फिरलात तर खाली उशी आणि मधून छत्रीसारखं उगवलेलं झाड, अशी बोरं सापडतील. ती सुटलेली.

म्हणजे झाडाच्या आयुष्यात धोक्याचा काळ ठरावीक असतो. जमिनीपासून जनावराच्या तोंडापर्यंतची उंची त्याला कशीबशी पार करायची असते. एकदा पार केली की पुढे पाला खाल्ला गेला तरी झाडाला फारसा फरक पडत नाही. चितळ मागच्या पायांवर उभं राहून जिथवर मान पोचेल तिथवरचा पाला खातं. चितळांची दाटी असलेल्या जंगलात त्यामुळे झाडांच्या खालच्या कडेला आडवी रेघ दिसते, जणू कुणी दोरी लावून छाटलंय. (रेघेच्या वरचा पाला चितळांना वानरांमुळे मिळतो. वानरं खाताना अर्धा पाला खाली सांडतात आणि चितळं त्या झाडाखाली जमतात. वानरांची पंगत आणि चितळांची उष्टी.)

रेघेच्या वरचं झाड सुखरूप असतं, म्हणूनच जंगलाचं नुकसान पटकन लक्षात येत नाही. वर मांडव हिरवागार, पक्षी ओरडताहेत, सगळं ठीक वाटतं. पण खाली वाकून गुडघ्याएवढी रोपं मोजायला गेलं तर हाताला काहीच लागत नाही. कोकणातल्या काही वाड्यांसारखी गत. घरं जागेवर, अंगण सारवलेलं, पण घरात सगळे सत्तरीचे, पोरं मुंबईला. गाव आहे असं वाटतं, फक्त पुढची पिढी नाही.

अंदमानात हे फार स्पष्ट दिसतं. चितळ तिथलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी नेऊन सोडलं. तिथे ना वाघ, ना बिबट्या, ना कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री. चितळं वाढली, पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर गेली. तिथल्या झाडांनी असं पाला खाणारं जनावर कधी पाहिलेलंच नव्हतं. इंटरव्ह्यू नावाच्या बेटावर तर भर पडली ती हत्तींची. लाकूडतोडीचं काम बंद पडल्यावर १९६२मध्ये सुमारे ४० पाळीव हत्ती तिथे सोडून दिले गेले आणि ते रानटी झाले. हत्ती मोठ्या झाडांच्या साली सोलतो, ती पाडतो. आता हत्तीने झाड पाडणं हा काही गुन्हा नव्हे. मांडवाला भोक पडतं, ऊन खाली येतं, खाली ताटकळत असलेली रोपं झपाट्याने वर निघतात. जंगलं अशीच तरुण राहतात. पण या बेटावर खाली ताटकळणारी रोपं चितळांनी आधीच खाऊन टाकलेली होती. म्हातारी झाडं हत्तींनी पाडायची आणि बाळं चितळांनी खायची. दोघांपैकी एकच असतं तर जंगलाने सोसलं असतं कदाचित, पण दोघांनी मिळून मधली वाटच बंद केली.

वाघ असता तर काय झालं असतं? इथे लोक हमखास अमेरिकेतल्या यलोस्टोनची गोष्ट सांगतात. १९९५मध्ये तिथे लांडगे परत आणून सोडले, एल्क नावाची मोठी हरणं कमी झाली, नदीकाठचे विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचे भाऊबंद, पुन्हा वाढले, आणि म्हणे नदीचा प्रवाहही सुधारला. गोष्ट फक्कड आहे, व्हिडिओही सुंदर आहे. पण वीस वर्षं कुंपणं घालून केलेल्या प्रयोगात दिसलं ते जरा वेगळं. लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत एल्कनी विलो खाल्ले, विलोवर जगणारे आणि ओढ्यांवर काटक्यांचे बंधारे घालणारे बीव्हर नावाचे प्राणी गेले, बीव्हर गेल्यावर त्यांचे बंधारे गेले आणि ओढे खोल जाऊन काठची जमीन कोरडी पडली. आता नुसतं खाणारं तोंड आवरून भागेना. जिथे कुंपणही घातलं आणि छोटा बंधाराही बांधला तिथे विलो जोमाने वाढले. घरातली एक वीट काढायला सोपी, तीच परत बसवताना भिंत तोवर कललेली असते.

आता कुणाला खाल्लं या प्रश्नाकडे येऊ. तो मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण त्याचं उत्तर आपल्या एसटीच्या खिडकीतून दिसतं.

शेळीबद्दल आपला समज असा की ती काहीही खाते. खरं तर ती फार चोखंदळ आहे. गाय जिभेने गवताची मूठ धरते आणि ओढते. त्यात काय आलं काय नाही याची तिला फिकीर नसते. शेळीचा वरचा ओठ बोटासारखा चालतो. काट्यांच्या मधून ती एकेक पान वेचते. आता अशी चोखंदळ पाहुणी रोज त्याच माळावर आली, वर्षानुवर्षं, तर माळावर काय उरेल? तिने नको म्हटलेलं. बालाघाटच्या डोंगररांगेत, बीड-धारूरच्या बाजूला, जिकडे पाहावं तिकडे सीताफळ दिसतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. इथे इतकं कसं माजलं? हलक्या मुरमाड जमिनीत तग धरतं हे एक कारण. दुसरं, त्याचा पाला ना गाय खात, ना शेळी. शेजारची रोपं एकेक करून पोटात जात असताना सीताफळाला कुणी विचारलंही नाही. शेळ्यांनी डोंगर बोडका केला म्हणतात. इथे तर शेळ्यांनीच अप्रत्यक्षपणे बाग लावली.

अशी पाहायची सवय लागली की माळ पुस्तकासारखा वाचता येतो. तरवड, रुई, घाणेरी, घायपात एवढंच दिसलं तर समजावं, इथे तोंडं फार आहेत आणि उसंत नाही. मधूनमधून करवंदाच्या जाळ्या दिसल्या तर थोडी आशा असते. करवंदाच्या जाळीत काटे असे दुबेळक्यासारखे, की शेळी कडेकडेने खाते, आत तोंड घालत नाही. त्या जाळीच्या पोटात एखादं रोप गुपचूप वाढत असतं आणि एक दिवस करवंदाच्या डोक्यावरून बाहेर डोकावतं. वनीकरणाच्या नावाखाली पहिल्यांदा अशा जाळ्याच साफ करतात तेव्हा मला राहवत नाही. फुकटचं ट्री-गार्ड तोडून मग लोखंडाचं विकत आणायचं.

झाडंही काही मुकाट्याने खाऊ देत नाहीत. काटेसावरीचं तरुण खोड बघा: बुंध्यापासून वरपर्यंत जाड, शंकूसारखे काटे. तीच सावर म्हातारी झाली की खोड बरंच गुळगुळीत होतं. मोठ्या खोडाला खाऊन कोण काय करणार? काटे बनवायला खर्च येतो, तो गरज आहे तेवढाच करायचा. कुणी चीक काढतो, कुणी पानात टॅनिन भरतो. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ते याच टॅनिनच्या जोरावर. चामड्याला जे घट्ट करतं ते जनावराच्या पोटात अन्नातल्या प्रथिनांना धरून बसतं आणि पचू देत नाही.

या खर्चाचा हिशेब झाडं किती बारकाईने ठेवतात, हे केनियातल्या एका प्रयोगात दिसलं. तिथल्या लैकिपिया भागात बाभळीच्या गोतातलं एक झाड आहे. त्याच्या काट्यांचे बुंधे लिंबासारखे फुगतात आणि आतून पोकळ असतात. मुंग्या त्यात राहतात. झाड त्यांना पानांच्या देठाशी गोड रसही देतं. बदल्यात हत्ती किंवा जिराफ पाल्याला लागला की मुंग्या हजारोंनी बाहेर येऊन त्याच्या सोंडेला, ओठांना चावतात. १९९५मध्ये काही तुकड्यांभोवती विजेचं कुंपण घालून मोठी जनावरं बाहेर ठेवली. दहाएक वर्षांनी पाहिलं तर आतल्या झाडांनी फुगीर काटे कमी केले होते, रसही कमी केला होता. बरोबरच आहे, चोर येईनासे झाल्यावर राखणदाराचा पगार कोण देईल?

इथवर गंमत. पण राखणदार मुंग्या कमी झाल्यावर दुसऱ्या जातीच्या मुंग्या आल्या. त्या काट्यांत राहत नाहीत. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांनी केलेल्या बिळांत राहतात. म्हणून भुंगे आले तर त्यांना बरंच. कुंपणाच्या आतली, कुणी न खाल्लेली झाडं बाहेरच्या खाल्ल्या जाणाऱ्या झाडांपेक्षा हळू वाढू लागली आणि जास्त मरू लागली. हे निष्कर्ष २००८मध्ये छापून आले. जनावर काढलं की झाड सुखी, हे गणित तेव्हापासून मला तरी तितकं सरळ वाटत नाही.

जनावरामुळे जंगल वाढतं असंही होतं, आणि तेही बी न पेरता. ही गोष्ट टांझानियातल्या सेरेंगेटीची, पण तिची सुरुवात आपल्या ओळखीच्या शब्दाने होते: बुळकांडी. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हा रोग सांगावा लागत नाही. गोठेच्या गोठे रिकामे करून जायचा. १८९०च्या दशकात तो आफ्रिकेत पसरला आणि गुरांबरोबर तिथले रानातले विल्डबीस्टही मेले. हे बैलासारखं दिसणारं, कळपाने फिरणारं, गवतावर जगणारं हरीण. पुढे गुरांना लस टोचायला सुरुवात झाली, आणि १९६०च्या दशकात रानातल्या जनावरांतूनही रोग नाहीसा झाला. तेव्हा अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७०चं दशक सरताना १३ लाखांच्या आसपास पोचले. लस टोचली गाईला, वाढलं रानातलं हरीण. (बुळकांडी जगातूनच गेल्याचं २०११मध्ये जाहीर झालं. माणसाने संपवलेले रोग दोनच, देवी आणि ही.)

आता दहा लाख तोंडं वाढली तर झाडांचं काय होईल? आपण म्हणू, वाट लागेल. झालं उलटं. विल्डबीस्ट गवत खातात, पाला नाही. पूर्वी पावसाळ्यानंतर पुरुषभर गवत वाळून उभं राहायचं आणि दर उन्हाळ्यात मैलोनमैल वणवा लागायचा. वणवा गवताचं काही बिघडवत नाही, त्याचा जीव बुडाशी. रोपांचं मात्र वणवाही शेळीसारखंच करतो, दरवर्षी शेंडा मारतो. विल्डबीस्टनी ते गवत वणव्याच्या आधीच खाल्लं. जळायला काही उरलं नाही, वणवे आटले आणि रोपं वर निघाली. सेरेंगेटीत झाडी वाढली ती गवत खाणाऱ्यांच्या कृपेने. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे डोंगरांना लागणारे वणवे पाहताना हे आठवतं. ज्या डोंगरावर चरायलाही कुणी जात नाही आणि गवत कापायलाही नाही, तिथे सगळं गवत काडेपेटीची वाट पाहत उभं असतं.

पोटातून होणारी पेरणी ही आणखी एक बाब. बाभळीचं बी टणक. पाणी आत शिरू देत नाही, तसंच पेरलं तर नीट उगवत नाही. शेळ्यामेंढ्या शेंगा आवडीने खातात. रात्री वाड्यात बसून रवंथ करताना त्यातलं काही बी थुंकतात, काही लेंड्यांतून पडतं. पोटातल्या रसांनी कवच मऊ झालेलं असतं. रोपवाटिकेसाठी बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणायची पद्धत जुनी आहे. आवळ्याचंही तसंच. चितळं खाली पडलेले आवळे गिळतात आणि मग दूर कुठेतरी निवांत बसून आठोळ्या थुंकतात. उत्तराखंडातल्या राजाजी उद्यानात याचा अभ्यास झालाय. मोरावळ्याच्या बरणीमागे हरणाची रवंथ असते म्हणायची.

हाच कारखाना वेड्या बाभळीसाठीही चालतो, आणि ती फार हुशार निघाली. परदेशातून आणून लावलेलं हे झाड. तिचा पाला शेळीला कडू लागतो, म्हणून रोप वाचतं. शेंग मात्र गोड, म्हणून बी पोटातून गावभर फिरतं. खाऊ नये ते न खाता आणि खावं ते खाऊन, दोन्हीकडून शेळी तिचंच काम करते. तलावाकाठच्या गाळपेऱ्याच्या जमिनी तिने कशा गिळल्या ते ज्याचं शेत गेलं त्याला विचारा.

आणि हो, खाणारे सगळे चारच पायांचे नसतात. भाद्रपदाच्या सुमाराला विदर्भातल्या सागाच्या जंगलात गेलात तर कधीकधी आख्खा डोंगर तपकिरी दिसतो. झाडं वाळली की काय, असं वाटतं. एक पान तोडून उजेडात धरायचं. हिरवं सगळं गायब, शिरा तेवढ्या शिल्लक, उत्तम विणलेली जाळी. हे काम बोटाच्या पेराएवढ्या अळीचं. तिची दुसरी बहीण पावसाच्या सुरुवातीला कोवळी पानंच साफ करते. झाड मरत नाही, पुन्हा पालवतं, पण लाकडाऐवजी पानांवर खर्च होतो. केरळमधल्या निलंबूरच्या तरुण सागलागवडीत केरळ वन संशोधन संस्थेने हे मोजलं: पानं खाणाऱ्या या अळीमुळे लाकडाची होऊ शकणारी ४४ टक्के वाढ बुडत होती. हत्तीच्या नावाने बोंब होते, अळी हिशेबातही येत नाही.

राहता राहिली चराईबंदी. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पक्षी-उद्यानात १९८२मध्ये म्हशींना बंदी झाली. गावकरी विरोधात उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्या की पक्ष्यांचं भलं होईल, असं पक्षितज्ज्ञांनाही वाटत होतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि उलटंच दिसलं. म्हशी खात असलेलं एक पाणगवत आता बेफाम वाढून पाण्यावर गालिचासारखं पसरलं. बदकांना पोहायला उघडं पाणी उरेना. बंदीची बाजू घेणाऱ्या संस्थेनेच बंदीविरुद्ध पुरावा मांडला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

उलट अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९०च्या दशकात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली आणि तिथले डोंगर हिरवे झाले. मग एकीकडे बंदी फसते आणि दुसरीकडे फळते कशी? जागा वेगळ्या, पाणी वेगळं, हे आहेच. पण हिवरे बाजारने गवताला बंदी केली नव्हती. जनावर डोंगरावर सोडायचं नाही. विळा घेऊन जायचं, गवत कापायचं, भारा बांधून गोठ्यात आणायचं. म्हणजे खाणं थांबलं नाही, खाणाऱ्याचं तोंड बदललं. विळा धरलेल्या बाईला गवत आणि रोप यातला फरक कळतो. ती गवत बुडाजवळ कापते आणि मधलं वीतभर कडुनिंबाचं रोप डाव्या हाताने बाजूला धरते.

आमच्या माळावर बंदी वगैरे काही नाही. पण शेळ्या राखणारी पोरं शहरात कामाला गेली तसे कळपही कमी झाले. परवा गेलो होतो तेव्हा त्या उशीच्या मधोमध करंगळीएवढा जाड, तांबूस सालीचा फोक निघालेला दिसला, माझ्या छातीपर्यंत आलेला. त्याची टोकाची कळी शाबूत होती. अजून हातभर वाढला की सुटला.